गाडीच्या गालावरची तीट

लोकांचे नवरे दुसऱ्या बायका पळवतात. माझा नवरा वाऱ्यानं पळवला. बाई असती तर तिच्या दारात जाऊन चार शब्द सुनावून आले असते. वाऱ्याचं दार कुठं शोधायचं?

आधी आमची ओळख करून देते. मी त्रिशला मगदूम. कोल्हापुरात माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर चिकटवायची अक्षरं आणि चित्रं मी कापते. गाड्या आता आपल्या आपण चालतात, हॉर्न मारत नाहीत, भांडत नाहीत, पण त्यांच्या पाठीवर ‘आईची कृपा’ लिहून घ्यायची माणसांची हौस काही गेलेली नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय. माझा नवरा भरतेश शर्यतीच्या गाड्या चालवतो, कारण माणसानं स्वतः गाडी हाकावी अशी शर्यत ही एकच जागा आता उरली आहे. आणि त्याची थोरली बहीण पद्मजा, म्हणजे माझ्या वन्सं, त्या गाड्या घडवतात. घर एक, वेड एक. वेड त्या दोघांचं, घर माझं.

आणखी एक सांगून टाकते. आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतो. लिहिताना मी शाळेतल्या बाईंच्या धाकानं ‘येते’ लिहिते, पण बोलणं आलं की ते आहे तसंच येणार.

कागलच्या पुढच्या माळावर शर्यतीचा ट्रॅक आहे. त्याला लागून एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं गोदाम आहे, आणि त्या गोदामात वन्संनी वाऱ्याचा बोगदा उभा केला होता. एका टोकाला दुमजली घराएवढा पंखा, मध्ये गाडी, बाजूला काचेची खोली. पंखा सुरू झाला की भिंतींत मुरलेला मळीचा गोडूस वास सुटायचा. मला तो वास आला की अजूनही वाटतं, आता कुठून तरी वारा येणार.

वन्संनी मला त्यांचं शास्त्र शिकवलं ते जीपच्या खिडकीतून हात बाहेर काढायला लावून.

“तळवा सपाट धर. आता अंगठ्याकडची कड जरा खाली कर.”

माझा हात कुणीतरी वरून धपकन दाबल्यासारखा खाली गेला.

“हा दाब. डाउनफोर्स. आणि हात मागं ओढला जातोय न्हवं? ती खेच. ड्रॅग. विमानाचा पंख वारा पिऊन वर उठतो. आम्ही तोच पंख उलटा करून गाडीला लावतो, म्हणजे वारा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. वळणावर गाडी चिकटून राहते ती त्याच्यामुळं. पण दाब फुकट मिळत नाही. जेवढा दाब मागशील तेवढी खेच वाढते, आणि सरळ रस्त्यावर गाडी मंदावते. किती दाब घ्यायचा आणि किती खेच सोसायची, सगळी शर्यत एवढ्यावर चाललेली असते.”

“म्हणजे वळणावर जेवढं जोरात जाईल तेवढी गाडी घट्ट?”

“व्हय. आणि भिऊन पाय काढलास की दाब गेला, गाडी सुटली. भ्यालं की घसरतं.”

भरतेशचं दुखणं नेमकं हेच होतं. ट्रॅकवर एक लांबलचक, वेगाचं वळण आहे, त्याला सगळे घोडेवळण म्हणतात. तिथं एकदा त्यानं पाय काढला, गाडी गिरक्या घेत माळावर गेली आणि त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. हाड जुळलं. पण त्यानंतर घोडेवळण आलं की त्याचा पाय आपोआप उचलला जायचा. “डोक्याला पटतं गं, पायाला पटत न्हाई,” असं म्हणायचा आणि ताटातल्या भाकरीकडे बघत बसायचा. वारा दिसत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा बसत नाही. भावाचं ते तोंड बघून वन्संनी जे केलं ते जगात कुणी केलं नव्हतं.

त्यांनी गाडीला कातडी दिली. दुधावरच्या सायीएवढा पातळ पापुद्रा, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे लाखो केस. वारा गाडीवरून जाताना हे केस हलतात, आणि त्यांची हालचाल चालवणाऱ्याच्या अंगावरच्या एका घट्ट पोशाखात उमटते. त्या पोशाखाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. मी त्याला बंडी म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. गाडीच्या पोटाखालचा वारा भरतेशच्या पोटावरून आणि तळपायांवरून जाणार, मागच्या पंखाचा दाब त्याच्या पाठीच्या फऱ्यांवर बसणार, आणि गाडीच्या नाकावरचा वारा हेल्मेटमधल्या मऊ मुखवट्यातून त्याच्या चेहऱ्यावर उतरणार. बंडीला फक्त स्पर्श पोचवता यायचा. ऊन-गार तिला कळत नव्हतं. “ते पुढच्या वर्षी बघू,” वन्सं म्हणाल्या होत्या.

आता गाडीनं आणि माणसानं एकमेकांना ओळखायचं होतं. त्यासाठी गाडी बोगद्यात उभी करून, भरतेशला तिच्यात बसवून, रोज वारा सोडायचा होता. तो पहिला दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. मी पूजेचं तबक घेऊन गेले तर वन्सं दारातच आडव्या.

“कुंकू न्हाई, हळद न्हाई, अक्षता न्हाईत. तांदळाचा एक दाणा चिकटला तरी वारा वाट बदलतो.”

“अहो, खंडेनवमीला गाडी अशी कोरी ठेवायची?”

“पान्यांना लाव कुंकू. हार त्या पेटीला घाल. नारळ बाहेर फोडूया.”

सगळे नारळ फोडायला बाहेर गेले. मी आत एकटीच राहिले, आणि माझ्या जिवाला काही बरं वाटेना. नवीकोरी, काळीभोर, चारचौघांच्या डोळ्यांत भरणारी गाडी, आणि तिच्यात माझा नवरा बसणार. दृष्ट लागायला आणखी काय लागतं? पिशवीत दुकानातला काळ्या रेडियमचा तुकडा होता. मी कात्रीनं टिकलीएवढा गोल कापला आणि गाडीच्या नाकाच्या डाव्या अंगाला, गालावर, चिकटवून टाकला. बाळाला तीट लावतात तशी. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार? नारळाचा आवाज आला तशी मी बाहेर येऊन हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा खाल्ला आणि घरी येईपर्यंत ते विसरूनही गेले.

पुढच्या आठवड्यात वन्सं जेवताना कुरकुरल्या. “नाकाच्या डाव्या बाजूला एक बारीक भोवरा पडतोय. सांध्याची कड असंल. दाबाला धक्का न्हाई, राहू दे.” मी तेव्हा त्यांना आमटी वाढत होते. माझ्या डोक्यात काडीचा प्रकाश पडला नाही.

भरतेशनं बंडी घालून पहिल्यांदा गाडी ट्रॅकवर काढली, त्या दिवशी तो घरी आला तो झोपेतून उठून आल्यासारखा. चपला दारात काढायच्या विसरला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि बोलत राहिला.

“आधी तळपायाखालनं येतो गं. ओढ्यात पाय सोडून बसल्यागत. मग वेग वाढला की पोटाखालनं सरकतो, असा मऊ, आणि जातोय तोवर दुसरा येतो. वळण आलं की पाठीवर कुणीतरी दोन हात ठेवतं. दाबत न्हाई, नुसते ठेवतं. म्हणतं, जा, मी हाय. घोडेवळणात मी पाय काढला न्हाई, त्रिशला. पायाला पटलं.”

बोलता बोलता त्याचा हात डाव्या गालाकडे गेला आणि तो स्वतःशीच हसला. मला इतका आनंद झाला की मी भाकरी करपवली.

त्या हंगामात तो जिंकत गेला. पण घरी तो थोडा थोडा कमी होत गेला, आणि ते आधी माझ्याच लक्षात आलं, कारण माझाच हात त्याच्या खांद्यावर असायचा. हात ठेवला तरी तो वळायचा नाही. हाक मारली की वळायचा, गोड हसायचा, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचा. संध्याकाळी गच्चीवर जाऊन, डोळे मिटून, हात जरा पसरून उभा राहायचा. झाडं हलत असायची, माझा पदर उडत असायचा, आणि तो म्हणायचा, “आज वारा न्हाई.”

एकदा मी चहाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं. त्यानं ते कडेला धरून उचललं, आरामात, आणि कपात चहा ओतायला लागला. मी किंचाळले. तळहाताला फोड आल्याचं त्याला माझ्या किंचाळण्यावरून कळलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून आम्हा दोघी नणंद-भावजयांना समोर बसवलं.

“मेंदूत आपल्या अंगाचा नकाशा असतो,” त्या म्हणाल्या. “हात इथं, गाल तिथं, असा. आपण जे रोज वापरतो त्याला त्यात जास्त जागा मिळते. यांच्या नकाशात गाडी राहायला आली आहे. पाहुणी म्हणून आली आणि माजघर बळकावून बसली. यांचं स्वतःचं अंग आता ओसरीवर आलंय. तुम्ही हात लावता तो निरोप वरपर्यंत पोचतो हो, पण घ्यायला घरात कुणी नाही.”

“बंडी सोडली तर?” मी विचारलं.

“आता सोडली तर कदाचित परत येईल. असंच चालू राहिलं तर नाही येणार.”

त्यानं आठवडाभर बंडी सोडली. तो आठवडा मी शत्रूलाही देणार नाही. वारा गेला आणि अंगही आलं नाही. तो खुर्चीत बसवला तिथं बसून राहायचा. मी त्याचे दोन्ही हात धरून रडले, आणि त्याला ते कळलं आवाजावरून. “रडू नको,” म्हणाला, पण माझ्या हातांकडे बघतसुद्धा नव्हता. मला त्या वेळी वन्संचा राग आला, त्या वाऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त आला त्याच्या त्या गोड हसण्याचा.

अजिंक्यपदाची शेवटची शर्यत तेवढी उरली होती.

“एकदाच,” भरतेश म्हणाला. “मग मी तुझाच.”

“मग तू कुणाचाच राहणार न्हाईस,” मी म्हटलं. “वन्सं, तुम्ही तरी सांगा की त्याला.”

वन्सं खिडकीशी उभ्या होत्या. त्या कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाल्या, “भीत होता गं तो. माझ्यामुळं भ्यायचा थांबला. आता मीच कसं सांगू, पुन्हा भी म्हणून?”

आणि तो गेला. नवऱ्याला दोरीनं बांधता येत नाही. मीही गेले, वन्संच्या शेजारी कानाला फोन लावून उभी राहिले.

शर्यतीतली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. गाडी जाते तेव्हा तिच्यामागे हवेत पोकळी पडते. दुसरी गाडी त्या पोकळीत शिरली की तिला वाऱ्याची खेच जवळजवळ लागत नाही. पुढच्याच्या पाठीशी ती फुकट ओढली जाते. पण तिथली हवा घुसळलेली असते, ताकासारखी. पंखाला चावायला धड वारा मिळत नाही आणि दाब जातो. म्हणून हुशार गडी सरळ रस्त्यावर पोकळीत दडतो आणि शेवटच्या क्षणी बाहेर निघून पुढे जातो. एवढं भरतेशला झोपेतही जमायचं.

पुढे चेन्नईचा इलंगो होता, मागे आमचा. बाकीचे कुठच्या कुठे राहिले होते.

“शीर त्याच्या मागं,” वन्सं फोनमध्ये म्हणाल्या. भरतेश शिरला, आणि लगेच बाहेर आला. बाहेरच्या स्वच्छ वाऱ्यात, सगळी खेच अंगावर घेत. मागे पडला. पुन्हा जवळ गेला, शिरला, पुन्हा बाहेर. “आत राहा, भरत्या! आत राहा!” वन्संचा आवाज चिरकला. घोडेवळण त्यानं असं घेतलं की लोक उभे राहिले. ती गाडी वळत नव्हती, कुणीतरी हळुवार हातानं वळवत होतं. पण सरळ रस्ता आला की तो पोकळीतून बाहेरच. शेवटच्या सरळ रस्त्यावर तर तो आत गेलाच नाही. इलंगो जिंकला.

गाडी थांबली, हेल्मेट निघालं आणि वन्संनी भावाला धारेवर धरलं.

“पोकळीत का राहिला न्हाईस? काय झालं हुतं?”

“तिथं बोट जात हुतं,” तो म्हणाला.

“कसलं बोट?”

तो अपराध्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. “तुला कसं सांगू, त्रिशला. पहिल्या दिवसापासनं हाय. गाडी वेगात आली की डाव्या गालावर कुणीतरी एक बोट टेकवतं. हलकंच. मला वाटलं, यंत्रात दोष असंल. अक्काला सांगितलं असतं तर तिनं काढला असता, म्हणून सांगितलं न्हाई. घरी मला काही लागत न्हाई, काही कळत न्हाई. एवढं बोट तेवढं कळतं. इलंगोच्या मागं गेलो की ते जायचं. म्हटलं, जिंकायचं ऱ्हाऊ दे, ते बोट नको जायला.”

खरं सांगते, मला सवतीमत्सर वाटला. माझे दोन हात त्याला कळत नाहीत आणि वाऱ्याचं एक बोट कळतं! आणि मग एकदम माझ्या डोळ्यांपुढे कात्री आली. काळं रेडियम आलं. मी पळत गाडीशी गेले, नाकाच्या डाव्या अंगाला नखानं चाचपलं. होतं. एवढ्या वाऱ्यात, पावसात, धुण्यापुसण्यात ते तिथंच होतं. माल चांगला वापरते मी.

“वन्सं,” मी म्हटलं, “तुमचा भोवरा. ती तीट हाय. मी लावल्याली, खंडेनवमीला.”

वन्संनी वाकून बघितलं. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. त्या तशाच गाडीपाशी खाली बसल्या आणि आधी हसल्या, मग रडल्या. भरतेश मात्र माझ्याकडे बघत होता. पुष्कळ दिवसांनी त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली होती.

बंडी जाळून टाकावी असं माझं मत होतं. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. “ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं परत आणा. त्यांच्या सबंध अंगावर अशी एकच जागा आहे जिथं वाऱ्याला आणि तुम्हाला एकच दार आहे. तिथून आत शिरा.”

मग आमच्या दुपारी गोदामात जायला लागल्या. बोगद्यात रिकामी गाडी, काचेच्या खोलीत भरतेश बंडी आणि मुखवटा घालून खुर्चीत, डोळे मिटलेला. मुखवट्याच्या डाव्या गालावर वन्संनी रुपयाएवढं भोक पाडलं होतं. पंखा फिरायचा, मळीचा वास सुटायचा, तिकडे वारा तिटेला लागला की इकडे एक छोटा दिवा पेटायचा, आणि मी त्या भोकातून त्याच्या गालावर बोट टेकवायची. दिवा विझला की उचलायची. बाकी सगळा वारा बंडीचा, एवढा स्पर्श माझा. त्याच्या मेंदूला फसवायचं होतं, आणि मग हळूहळू खरं सांगायचं होतं.

दर काही दिवसांनी वन्सं वारा थोडा उतरवायच्या. बाहेर माळावर ऊसतोड झाली, पाचट जळलं, शिमगा झाला. तो अर्ध्या गुंगीत, ट्रॅकवर असल्यासारखा बोलायचा. “आता पूल गेला... आता घोडेवळण... बोट हाय.” पण ते बोट तो वाऱ्याचंच धरून चालला होता, माझं म्हणून त्यानं ते एकदाही ओळखलं नाही. वारा फार उतरला की कासावीस व्हायचा. “अक्का, वाढव की गं. बुडाल्यागत होतंय.” वन्संचा हात बटणाकडे जायचा. एवढ्या वर्षांचं काम त्या बटणामागे होतं आणि हाक मारणारा धाकटा भाऊ होता. त्या हात मागे घ्यायच्या आणि दोन्ही हात काखेत दाबून उभ्या राहायच्या. त्या बाईला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, पण त्या दुपारी मी तिच्या पाया पडायला तयार होते.

असंच एकदा, उन्हाळा लागल्यावर, मी गोदामात पोचले ती घामाघूम होऊन. दारातल्या माठात ओंजळ बुडवली, पाणी प्याले आणि तशाच ओल्या हातानं जाऊन बसले. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. वारा उतरायला लागला. आधी पंख्याचा गुरगुराट गेला, मग सुस्कारा राहिला, मग तोही गेला. पंख्याची पाती दिसायला लागली, एकेक मोजता येईल अशी, आणि थांबली. मळीचा वास जागच्या जागी उभा राहिला. दिवा विझला.

मी बोट उचललं नाही. आता याच्याकडे वारा नाही आणि मीही नाही, असं झालं तर? भरतेश डोळे मिटून निपचित बसला होता. मला वाटलं, संपलं.

“त्रिशला,” तो म्हणाला.

“काय?”

“बोट गार लागतंय.”

वन्संनी गर्रकन मान वळवली. बंडीला गार कळत नव्हतं. बंडीला ते कधीच कळलं नव्हतं.

“अक्का, वारा किती ठेवलायस?”

“कवाच बंद केलाय,” वन्सं म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. मुखवट्याच्या आतून माझ्याकडे बघत राहिला. मी बोट तसंच ठेवलं होतं.

“माठातलं पाणी प्यालो,” मी म्हटलं. “हात पुसायचा राहिला.”

“मलाबी दे की,” तो म्हणाला. “तहान लागलीया.”